भूगर्भातील मोठी नैसर्गिक गुहा कुटुंबासह पाहण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

आंबाबाग (पावस, जि. रत्नागिरी)

सर्वांना नमस्कार.

आमचा थोरला मुलगा यंदा नववीत आहे. शाळेत भूजलाच्या कार्याचा भाग शिकवून झाल्यापासून, चुनखडकात पाण्याने कोरलेली गुहा आणि तिच्यातील लवणस्तंभ प्रत्यक्ष पाहायचेच, असा ध्यास त्याने घेतला आहे. मागे दापोलीकडे गेलो असताना आम्ही त्याला पन्हाळेकाजीची लेणी आवर्जून दाखवली. ती त्याला मनापासून आवडली, पण परतीच्या वाटेवर त्याने विचारले की ही तर माणसांनी छिन्नी-हातोड्याने खोदलेली आहेत, मग पाण्याने आपली आपण झालेली गुहा आपल्या कोकणात का नाही? एवढा पाऊस पडतो, तरी पाणी आपल्याकडचा दगड का पोखरत नाही? या प्रश्नाचे नीट उत्तर घरात कोणालाच देता आले नाही, म्हणून ते आधी येथे विचारते.

दुसरा प्रश्न प्रवासाचा आहे. येत्या नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून अशी एखादी मोठी गुहा पाहावी, असे आमच्या घरात ठरत आहे. आम्ही दोघे, दोन मुले (धाकटी चौथीत आहे), सासूबाई आणि दीर-जाऊबाई असे सगळे बरोबर असू. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. त्या रोज देवळापर्यंत चालत जातात, पण गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जिना उतरताना त्यांना कठड्याचा आधार लागतो. जाऊबाईंना अधूनमधून दम्याचा त्रास होतो, आणि धाकटीला अंधाराची भीती वाटते. आंध्र प्रदेशातील बेलम आणि बोरा या दोन गुहांची नावे ऐकली आहेत. यांपैकी आमच्यासारख्या कुटुंबाला कोणती सोयीची पडेल, कोकणातून तेथे कसे जावे, आणि आत गेल्यावर वयस्कर माणसाला नेमका कोणता त्रास होऊ शकतो, हे ज्यांनी स्वतः पाहिले आहे त्यांनी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील. ‘छान आहे, जाऊन या’ एवढ्या उत्तरावर सासूबाईंना घेऊन निघण्याचे धाडस मला होणार नाही.

कातळसडा (राजापूर)

ताई, मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते, त्यामुळे आपल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. प्रवासाविषयी इतर मंडळी सांगतीलच. त्याचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे.

केवळ पाऊस भरपूर पडल्याने अशी गुहा होत नाही. त्या पावसात विरघळणारा खडक खाली असावा लागतो. कोकणाचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाच्या थरांचा, म्हणजे बेसाल्टचा, आपण ज्याला काळा कातळ म्हणतो त्याचा आहे. किनाऱ्याजवळच्या सड्यांवर त्याच कातळाची झीज होऊन तयार झालेला जांभा आहे. बेसाल्ट पाण्याने कुजतो, त्याची माती होते, पण तो साखरेसारखा पाण्यात विरघळून वाहून जात नाही. दक्षिण सिंधुदुर्गात याहून पुष्कळ जुने खडक उघडे पडलेले आहेत, परंतु मैलोन्‌मैल पसरलेला जाड चुनखडक तेथेही नाही.

चुनखडकाची गोष्ट वेगळी आहे. पावसाचे पाणी हवेतून आणि त्याहूनही अधिक प्रमाणात मातीतून कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि सौम्य आम्लधर्मी होते. हे पाणी खडकाच्या भेगांतून उतरताना त्यातील कॅल्शियम कार्बोनेट थोडे थोडे विरघळवत नेते. भेगेची फट होते, फटीची नळी होते, आणि हे काम लाखो वर्षे चालल्यावर खडकाच्या आत पाण्याने भरलेली दालने तयार होतात. पुढे आसपासच्या नदीने आपले पात्र खोल केले आणि भूजलाची पातळी खाली गेली की ती दालने रिकामी होऊन त्यांत हवा शिरते. तेथून दुसरे काम सुरू होते. छतातून ठिबकणाऱ्या थेंबातील कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत निघून जातो आणि थेंबात विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन मागे राहतो. छताला लोंबतात ते अधोमुखी लवणस्तंभ, आणि खाली पडलेल्या थेंबांमुळे जमिनीवरून वर वाढतात ते ऊर्ध्वमुखी. त्यांची वाढ इतकी मंद असते की सर्वसाधारणपणे वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे बोटाच्या पेराएवढी लांबी वाढायला दोन-तीनशे वर्षे लागतात. काही ठिकाणी हा वेग यापेक्षा कमी किंवा जास्तही असतो.

मुलाला हे घरीच दाखवता येईल. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा असेल, तर त्यावर लिंबाची चिरलेली फोड किंवा आगळाचे थेंब रात्रभर राहिल्यास सकाळी तेवढ्या जागेची चकाकी गेलेली आणि पांढुरका डाग पडलेला आपण पाहिला असेल. तो काळा कडप्पा म्हणजे चुनखडकच आहे, आणि तो ज्या प्रदेशातून येतो त्याच प्रदेशात बेलमची गुहा आहे. ओटा खराब करू नये. फरशीच्या दुकानातून कडप्प्याचा टाकाऊ तुकडा आणावा, त्यावर आणि शेजारी ठेवलेल्या जांभ्या चिऱ्याच्या तुकड्यावर लिंबाचा रस घालावा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही धुऊन पाहावेत. जांभ्यावर काहीच फरक दिसणार नाही. कोकणात चुनखडीची गुहा का नाही, याचे उत्तर त्या दोन तुकड्यांत त्याला मिळेल, आणि गुहा पाहायला जाण्यापूर्वी हा प्रयोग झालेला असेल तर आत गेल्यावर त्याची नजर वेगळी असेल.

कोकणात नैसर्गिक गुहा मुळीच नाहीत, असे मात्र समजू नये. जांभ्याचा वरचा थर कठीण असतो आणि त्याखाली मऊ, चिकट माती असते. झिरपणारे पाणी ती माती वाहून नेते तेव्हा वरचे कवच तसेच राहते आणि खाली पोकळी तयार होते. सड्याच्या कडेला अशा कितीतरी जागा आहेत. किनाऱ्यावर लाटा कातळाच्या सांध्यांत सतत आदळून गुहा पोखरतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कोळोशीच्या गुहेत पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले, तेव्हा तेथे अश्मयुगातील माणसांची दगडी हत्यारे मिळाली. या गुहा आकाराने लहान असतात आणि त्यांत लवणस्तंभ नसतात, पण आपल्या पूर्वजांनी निवाऱ्यासाठी त्याच निवडल्या होत्या, हेही मुलाला अवश्य सांगावे.

मारळची वाट (देवरुख)

ताई, एवढ्या लांब जाण्यापूर्वी सासूबाईंना घेऊन एकदा मार्लेश्वरला जाऊन यावे, असे मी सुचवीन. देवरुखपासून मारळ गाव जवळ आहे. तेथून पुढे पायऱ्या चढून गेल्यावर सह्याद्रीच्या कड्यातील गुहेत देवस्थान आहे. गुहेचे दार ठेंगणे असल्यामुळे वाकूनच आत जावे लागते, आणि आत विजेचे दिवे न लावता समयांच्या उजेडात दर्शन घेण्याची पद्धत आहे. कपारींमध्ये सापांचा वावर असतो, म्हणून भिंतीला हात लावू नये आणि मुलांना मोठ्यांच्या मध्ये ठेवावे. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण मध्ये मध्ये बसण्यासारख्या जागा आहेत. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचा साखरप्याच्या गिरिजादेवीशी विवाहसोहळा होतो, त्या दिवसांत प्रचंड गर्दी असते. ते दिवस टाळले तर सगळे शांतपणे पाहता येते. पावसाळ्यात समोरचा धारेश्वर धबधबा भरून कोसळतो, त्या वेळी पायऱ्या निसरड्या होतात.

सासूबाईंचे गुडघे किती साथ देतात, आणि धाकटी अंधुक उजेडात, बंद जागेत किती वेळ शांत राहते, हे दोन्ही तेथे कळेल. बेलमला जाऊन कळण्यापेक्षा घरापासून जवळ कळलेले बरे.

पालशेत किनारा (गुहागर)

आम्ही कुटुंबासह बेलमला जाऊन आलो आहोत. आमच्याबरोबर माझे वडील होते आणि त्यांचे वय आपल्या सासूबाईंएवढेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम निवडीबद्दल. बोरा गुहा विशाखापट्टणमच्या बाजूला अरकू खोऱ्याच्या वाटेवर, अनंतगिरीच्या डोंगरात आहे. तिचे मुख्य दालन भव्य आहे आणि त्यात लवणस्तंभ ठळक, मोठे आणि दाट आहेत. केवळ लवणस्तंभांसाठी जायचे असेल तर बोरा उजवी ठरेल. परंतु कोकणातून तो प्रवास म्हणजे देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाणे आहे, आणि आत पायऱ्यांची चढउतारही बरीच आहे. बेलम आपल्याला त्या मानाने जवळ पडते, आणि प्रवेशद्वाराजवळचा उतार सोडला तर तिचा पुष्कळ भाग सपाटीवर चालण्याचा आहे. माझ्या मते आपल्या कुटुंबासाठी बेलमच योग्य आहे.

बेलम नंद्याल जिल्ह्यात, कोलिमिगुंडला गावाजवळ आहे. हा भाग पूर्वी कर्नूल जिल्ह्यात होता. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने 1884 साली या गुहेची नोंद केली. पुढे 1982–83 मध्ये डॅनियल गेबाउअर यांच्या नेतृत्वाखाली जर्मन पथकाने तिची मोजणी करून नकाशा तयार केला. एकूण शोधलेली लांबी 3,229 मीटर आहे आणि त्यांपैकी साधारण दीड किलोमीटर भाग पर्यटकांसाठी खुला आहे. देशातील सर्वांत लांब गुहा मेघालयात आहेत, पण त्या वगळल्या तर भारताच्या सपाट प्रदेशातील एवढी लांब आणि लोकांना पाहता येणारी दुसरी गुहा नाही.

तेथे पोहोचल्यावर प्रथम विश्वासच बसत नाही, कारण गुहा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो आणि येथे चहूकडे सपाट, खडकाळ माळ आहे. त्या माळात विहिरीसारखे खोल खड्डे आहेत, आणि त्यांतल्या मधल्या खड्ड्यात जिन्याने उतरले की गुहेत प्रवेश होतो. गुडघ्यांच्या दृष्टीने हा पहिला जिनाच सर्वांत कठीण आहे. आम्ही वडिलांना कठड्याच्या बाजूने ठेवले, पुढे एक आणि मागे एक माणूस ठेवला, आणि मागून येणाऱ्या मंडळींना आधी जाऊ दिले. ते एकदा खाली पोहोचले की पुढे बराच वेळ विनासायास चालले.

आत शिरताच दमट, उबदार हवा अंगावर येते. आपण कोकणातली माणसे असल्यामुळे घाम नवा नाही, पण ही हवा मे महिन्यातल्या बंद खोलीतल्या हवेहूनही जड वाटते. चष्मा क्षणात धुरकट होतो आणि फोनच्या भिंगावर दव साचते. बाहेरून ताजी हवा आत सोडण्याची सोय केलेली आहे, त्यामुळे श्वास कोंडत नाही, तरीही आपल्या जाऊबाईंनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि फवाऱ्याचे औषध पिशवीत न ठेवता हातात ठेवावे. अंगात सुती कपडे असावेत. पाणी बाहेर पिऊन निघावे आणि थोडे बरोबरही ठेवावे.

धाकटीसाठी सांगतो, की पर्यटकांच्या सगळ्या वाटेवर दिवे आहेत. काळोख भेडसावत नाही. उलट काही ठिकाणी दिव्यांचा पिवळा झोत इतका भडक आहे, की दगडाचा मूळ काळसर रंग कळत नाही. तेथे हाताने दिव्याकडची बाजू झाकून भिंतीकडे पाहावे. भिंत गुळगुळीत असून तिच्यावर तळहाताएवढ्या उथळ खळग्यांच्या ओळीच्या ओळी दिसतात. त्या वाहत्या पाण्याने कोरलेल्या आहेत, आणि पाणी कोणत्या दिशेने वाहत होते हेही जाणकारांना त्या खळग्यांच्या उतारावरून सांगता येते. आपला मुलगा शिकून आलेला असेल, तर लवणस्तंभांइतकाच तो या भिंतींपाशी रमेल, असे मला वाटते.

आतल्या दालनांना नावे दिलेली आहेत. ‘कोटिलिंगालू’ या भागात छतापासून लोंबणाऱ्या लवणस्तंभांची इतकी दाटी आहे, की ती असंख्य शिवलिंगे वाटतात. माझे वडील तेथे हात जोडून बराच वेळ उभे राहिले. एका दालनात लवणस्तंभांवर हलके टकटक केले असता धातूसारखा नाद येतो, आणि वाटाड्ये तो ऐकवतात. सर्वांत खोल जागा म्हणजे ‘पातालगंगा’. ती प्रवेशद्वारापासून सुमारे 46 मीटर खाली आहे. तेथे एक छोटा बारमाही झरा वाहत येतो आणि खडकात नाहीसा होतो. पाणी दिसण्याआधी त्याचा आवाज येतो. त्या बाजूला वाट अरुंद आहे, काही ठिकाणी वाकावे लागते आणि पायऱ्या ओल्या असतात. वडिलांना आम्ही तेथे नेले नाही. ते माझ्या बहिणीबरोबर वरच्या मोठ्या दालनात थांबले, आणि त्यात त्यांची काही गैरसोय झाली नाही.

आता प्रवास. कोल्हापूरहून तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्स्प्रेस हुबळी, होसपेट, बल्लारी, गुंतकल या मार्गाने ताडिपत्रीवरून जाते. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर गाठून ही गाडी धरणे वयस्कर माणसांसाठी सर्वांत आरामाचे आहे. ताडिपत्रीहून गुहा साधारण 30 किलोमीटर आहे आणि तेथून भाड्याची गाडी मिळते. मुक्काम ताडिपत्रीतच करावा. तेथील विजयनगर काळातील बुग्गा रामलिंगेश्वर आणि चिंतल वेंकटरमण ही दोन्ही मंदिरे सासूबाईंना निश्चित आवडतील, त्यांवरचे कोरीव काम पाहण्यासारखे आहे. वाटेत गुत्तीचा किल्ला लागतो. मुरारराव घोरपड्यांची गुत्ती ती हीच, त्यामुळे मराठी माणसाने निदान खालून तरी तो पाहून घ्यावा. पेन्ना नदीची गंडीकोट्याची घळही त्याच टापूत आहे, पण सगळे एकाच दिवशी करू नये.

नाताळचा काळ योग्य आहे. रायलसीमेचा उन्हाळा आपल्याला सोसवणारा नाही, आणि तिकडचा मुख्य पाऊस सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास पडतो. गुहा साधारणपणे सकाळी दहा ते सायंकाळी पाच उघडी असते. सुट्टीच्या दिवसांत दहा वाजताच दारात असावे, कारण दुपारनंतर सहलींची गर्दी झाली की अरुंद वाटांवर थांबून राहावे लागते आणि उकाडा दुप्पट जाणवतो.

सह्यवाट (चिपळूण)

वरील माहिती उत्तम आहे. मी गिर्यारोहण करतो आणि पावसाळ्यातील बचावकार्यात सहभागी होतो, म्हणून एका गोष्टीवर ठामपणे लिहिणे माझे कर्तव्य समजतो. बेलमसारखी दिवे असलेली, वाट आखलेली गुहा पाहून आल्यावर मुलांचे धाडस वाढते, आणि मग गावाजवळच्या सड्यावरील एखाद्या भुयारात किंवा रत्नदुर्गाच्या पायथ्याशी समुद्राच्या बाजूला असलेल्या गुहेत शिरून पाहण्याची इच्छा होते. ही इच्छा स्वाभाविक आहे, पण मोठ्या माणसांनी ती अडवलीच पाहिजे.

समुद्राकडच्या गुहेत ओहोटीला कोरड्या पायाने जाता येते, आणि भरतीचे पाणी मागून येऊन बाहेर पडण्याची वाट आधी बंद करते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे फार वेगाने घडते. जांभ्यातील पोकळ्यांचे छत वरून भक्कम दिसते, पण पावसाळ्यात भिजल्यावर ते कधी ढासळेल याचा नेम नसतो. बंदिस्त भुयारात हवा खेळती नसेल तर कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणसाला गुंगी येते, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. वटवाघळांच्या विष्ठेची कोरडी धूळ फुफ्फुसांना घातक ठरू शकते, हे दम्याच्या रुग्णांनी विशेष लक्षात घ्यावे.

थायलंडमधील थाम लुआंग गुहेची घटना सर्वांना आठवत असेल. 23 जून 2018 रोजी फुटबॉल खेळणारी 12 मुले आणि त्यांचे प्रशिक्षक गुहेत गेले, तेव्हा ती कोरडी होती. डोंगरावर पाऊस झाला, पाणी आत शिरले, आणि त्या सगळ्यांना बाहेर काढायला 10 जुलै उजाडला. त्या कामात एका पाणबुड्याला प्राण गमवावे लागले. पाणी उपसण्याच्या कामासाठी आपल्याकडून किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तेथे गेले होते. जगभरातून मदत आली म्हणून ती मुले वाचली. आपल्या गावच्या भुयारापाशी तशी मदत वेळेवर पोहोचणार नाही.

बेलमला जातानाही प्रत्येक मोठ्या माणसाजवळ स्वतंत्र विजेरी असावी. आत वीज गेली तर फोनच्या उजेडावर सात माणसांनी जिना शोधणे योग्य नव्हे. पायांत रबरी तळाचे, मागून बंद असलेले बूट असावेत, चपला नकोत. आणि कोण कोणाकडे लक्ष देणार हे बाहेरच ठरवून घ्यावे. गर्दीत सगळेच सगळ्यांकडे पाहतात तेव्हा एखादे मूल नेमके निसटते.

आंबाबाग (पावस, जि. रत्नागिरी)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कातळसडा ताई, आपला प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला आणि लगोलग त्याने गावातल्या फरशीवाल्याकडून कडप्प्याचा तुकडा आणला. लिंबाबरोबर त्याने कोकमाचे आगळही घालून पाहिले. लिंबाखालचा डाग आगळाखालच्या डागापेक्षा ठळक आला आहे आणि त्याचे कारण तो आता मला विचारत आहे.

मार्लेश्वरची सूचना सासूबाईंना फार पटली. पुढच्या आठवड्यात आम्ही जाणार आहोत, त्यांनी नैवेद्याची तयारीही सुरू केली आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. बेलमच्या ज्या दालनात लवणस्तंभांतून नाद काढून दाखवतात, तेथे मुलांनी स्वतः वाजवून पाहिले तर चालते का? आणि सासूबाईंना अर्ध्या वाटेवर परत फिरावेसे वाटले, तर त्यांना तिथूनच माघारी येता येते का, की बाहेर पडण्याची वाट दुसऱ्या टोकाला आहे?

कातळसडा (राजापूर)

मुलाला सांगावे की डागाचा ठळकपणा आम्लाच्या तीव्रतेवर आणि ते किती वेळ दगडावर राहिले यावर अवलंबून असतो. दोन्ही रसांत त्याने सारखेच पाणी घालून पुन्हा करून पाहावे आणि वेळही सारखाच ठेवावा. कोणते आम्ल तीव्र आहे, हे मग त्याचे तोच ठरवील.

नादाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. वाटाड्याने ऐकवला तर ऐकावा, पण आपल्या मुलांना वाजवू देऊ नये. तो नाद येतो, कारण स्फटिक झालेला तो दगड सलग आणि ताठ असतो. त्यात एक बारीक तडा गेला की नाद बसतो, आणि टोक तुटले तर तेवढे पुन्हा वाढायला शेकडो वर्षे लागतात. वाजवणे तर सोडाच, नुसता तळहात फिरवल्यानेही हानी होते. त्वचेवरील तेलकटपणा दगडावर राहतो, त्यावर चुन्याचा नवा थर नीट बसत नाही आणि ती जागा काळपट पडते. जिथे पर्यटकांचा हात सहज पोहोचतो तिथले लवणस्तंभ आणि उंचावरचे लवणस्तंभ यांच्या रंगातील फरक पाहण्यास मुलाला आवर्जून सांगावे. रोज हजार माणसे आली आणि प्रत्येकाने एकदाच हात लावला, तरी त्या दगडाला दिवसात हजार वेळा हात लागतो, हा हिशेब त्याच्या वयाच्या मुलाला चटकन कळतो. आणि त्याला तो एकदा कळला की धाकटीला आवरण्याचे काम तोच करील.

पालशेत किनारा (गुहागर)

ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. आमच्या वेळी वाटाड्याने बोटाच्या पेराने अगदी हलके वाजवले होते, पण त्याचे पाहून मागच्या गटातील मुलांनी नाणी काढली. तेव्हा त्यानेही ऐकवणे बंद केलेले बरे, असे वाटले.

परत फिरण्याविषयी. जाण्याची आणि येण्याची वाट बहुतांशी एकच आहे आणि ज्या जिन्याने उतरतो त्यानेच वर यायचे असते. त्यामुळे सासूबाईंना कोठूनही माघारी येता येईल. अडचण एवढीच, की थकल्यावर तोच जिना चढायचा असतो. म्हणून त्यांना दम लागण्याची वाट पाहू नये. पहिले मोठे दालन पाहून झाले की त्यांना तेथेच निवांत बसवावे, आणि बाकीच्यांनी दोन गटांत पातालगंगेपर्यंत जाऊन यावे. एक गट परत आला की दुसऱ्याने निघावे, म्हणजे सासूबाईंजवळ कोणीतरी सतत राहील आणि जाऊबाईंनाही खालच्या दमट भागात जायचे की नाही, हे पहिल्या गटाकडून ऐकून ठरवता येईल. जिना चढताना मध्ये टेकण्यासाठी घडीची छोटी खुर्ची नेता आली तर न्यावी. त्यासाठी तिकीटखिडकीवर आधी विचारून घ्यावे. तेथील कर्मचाऱ्यांना हिंदी समजते आणि वयस्कर माणूस बरोबर आहे म्हटल्यावर ते आपुलकीने मदत करतात.